भुंकणे बदलून मिळणेबाबत

चारचौघांत मान असलेल्या एका गृहस्थाबद्दल 'ते भुंकले' असं मी लिहिलं, त्याची माफी मी आजवर मागितलेली नाही आणि यापुढेही मागणार नाही. कॉलनीबाहेरच्या लोकांना हे प्रकरण ऐकीव माहीत आहे. त्यांना वाटतं, मी भांडणात शिवी दिली. शिवी वगैरे काही नाही. मी संस्थेचा सेक्रेटरी होतो आणि सभेत जे झालं ते लिहून ठेवणं हे माझं काम होतं.

संस्थेचं नाव 'स्नेहवर्धन सहकारी गृहनिर्माण संस्था'. नाव ठेवलं तेव्हा तिथे कोणी राहायला आलेलं नव्हतं. आग्रा रोड ओलांडून द्राक्षांच्या मळ्यांकडे निघालं की डाव्या हाताला आमच्या दोन इमारती. सेक्रेटरी व्हायला लागणारा एकच गुण माझ्यात होता, तो म्हणजे मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझं अक्षर बरं होतं. पहिल्या सभेत खिडकी उघडा असं सांगायला मी हात वर केला, तेवढ्यावर माझी निवड झाली.

काम फार नव्हतं. सभेत सगळे एकदम बोलत आणि मी पेन खिशाला लावून चहाची वाट बघे. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो की इतिवृत्त लिहायचं, 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर'. खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावं लागतात, ती मी पाळीपाळीने घालत असे, म्हणजे कोणी रुसायला नको. गच्चीच्या किल्लीच्या ठरावाला ज्यांनी आरडाओरडा करून विरोध केला, तो ठराव त्यांनीच मांडला अशी आमच्या दप्तरात नोंद आहे आणि पुढच्या सभेत त्याखाली त्यांनी खुशीने सही केली आहे. सगळ्या सोसायट्यांत असंच चालतं, मला कोणी शहाणपण शिकवू नये.

तर सत्त्याहत्तर सालची गोष्ट. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि साठवून ठेवलेलं सगळं बोलणं लोक व्याजासकट बाहेर काढत होते. आमचे चेअरमन रंगनाथराव देवरे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पहाटे उठून साइटवर जावं लागलं, म्हणून आता आठपर्यंत झोपायचं, एवढीच त्यांची निवृत्तीनंतरची योजना होती. या योजनेच्या आड तळमजल्यावरच्या लताबाई पगारे यांचा कोंबडा आला.

लताबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स. यजमान मनमाडला रेल्वेत होते, ते गेले आणि त्यांच्या फंडातून बाईंनी हे घर घेतलं. एकट्याच राहायच्या. मागच्या अंगणाच्या पट्टीत त्यांनी सात-आठ कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा पाळला होता. तो पहाटे आरवायचा, म्हणजे कोंबड्याने जेव्हा आरवायचं तेव्हाच आरवायचा. रंगनाथरावांनी सभा बोलावली. विषय क्रमांक तीन असा होता, 'संस्थेच्या आवारात आवाज करणारे प्राणी पाळण्यास बंदी करणे, व बंदी न पाळणाऱ्याचे सभासदत्व रद्द करणे.' सभासदत्व रद्द म्हणजे घर गेलं. कोंबडा गेला नाही तर बाई जाणार, असा तो सरळ हिशेब होता.

त्या सभेत काय झालं ते मी शपथेवर सांगू शकणार नाही, कारण मला एकही वाक्य ऐकू आलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या सावित्रीबाई गर्गे, ओझरच्या कारखान्यात मशीनवर असलेले निवृत्तीराव शेलार, चांदवडकडचे कांद्याचे व्यापारी सावळीराम आहेर आणि स्वतः चेअरमन, सगळे एकाच वेळी तोंडं उघडून उभे होते. बाकीचे त्यांच्या भोवती. मी म्हटलं, "एकेकाने बोला, मला लिहायचंय." त्यावर रंगनाथराव माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्ही फक्त लिहा हो. बोलू नका." हे एक वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मला कचेरीत साहेबसुद्धा असं बोलत नाहीत. बोलतात, पण दार लावून घेऊन बोलतात.

गोंधळाला जरा श्वास घ्यायला सवड झाली, तेवढ्यात लताबाई उभ्या राहिल्या आणि शांतपणे दोनच वाक्यं म्हणाल्या, तीही मला ऐकू आली. मग पुन्हा तोच कल्लोळ झाला, रंगनाथरावांनी "मंजूर!" अशी थाप टेबलावर मारली आणि चहा आला.

रविवारी दुपारी मी इतिवृत्त लिहायला बसलो, तोच लताबाई दारात आल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, पायांत पांढऱ्या कॅनव्हासच्या चपला.

"भाऊ, मी नाही म्हणाले होते, ते लिहिलंत का?"

"त्याचं असं असतं ताई," मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो, "आपल्याकडे 'सर्वानुमते' असंच लिहायची पद्धत आहे."

"सर्वांत मी नाही का?"

मी वही मिटली. आमची सौ., म्हणजे सुला, आतून पाणी घेऊन आली. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कोंबड्या विकून टाकल्या असत्या हो मी. त्यांचं काय एवढं. पण सकाळी कुलूप लावून निघते तेव्हा मागे कोणी तरी कलकलत असतं, मला बरं वाटतं. आणि माझ्या घरात मी काय ठेवायचं ते ओरडून ठरवणारे हे कोण?" आणि त्या गेल्या.

मी पुन्हा वही उघडली. 'सविस्तर चर्चा होऊन' एवढं लिहिलं आणि माझं पेन थांबलं. चर्चा? कुठली चर्चा? मला जे ऐकू आलं ते चर्चा नव्हतं. ते काय होतं, त्याला मराठीत शब्द आहेत, चांगले घरंदाज शब्द आहेत, आणि ते शब्द मी इयत्ता दुसरीतच पाठ केले होते. मी लिहिलेलं खोडलं आणि नव्याने सुरुवात केली.

सुला माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती शेतकऱ्याघरची, त्यामुळे या विषयात तिचं मत पक्कं. "निवृत्तीराव डुरकले असं काय लिहिता? डुरकायला बैल लागतो. त्यांचं ते भुंकणं."

"बरं, भुंकले. चेअरमन?"

"ते तर नुसतेच फुसफुसत होते. नाग असतो तसे."

"फूत्कार," मी म्हणालो. "पण फूत्कार केला की टाकला?"

इथे मला पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या भाषेने सगळ्या जनावरांना सारखी वागणूक दिलेली नाही. कुत्र्याला तिने सरळ क्रियापद दिलं आहे. भुंकतो, संपलं. घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, कोंबडा आरवतो, ही सगळी कामसू मंडळी एका शब्दात काम उरकतात. वाघाचं तसं नाही. वाघाला नाम दिलं आहे, डरकाळी, आणि ती त्याला 'फोडावी' लागते. सिंहाने गर्जना 'करायची'. म्हणजे मोठ्या साहेबांना काम करायला हाताखाली एक मदतनीस क्रियापद लागतं, हे कचेरीत आम्ही रोज बघतोच. बिचाऱ्या मांजराला तर ना नाम ना क्रियापद. ते आपलं 'म्याव' करतं, जसा रोजंदारीवरचा माणूस. आणि गाय नुसती हंबरते, पण हंबरडा फोडायचा झाला तर तो माणसानेच. हे कोणी ठरवलं, कुठल्या सभेत ठरवलं आणि त्याला सूचक कोण होतं, देव जाणे.

तास-दीड तास आम्ही नवरा-बायको भांडलो आणि विषय क्रमांक तीनखाली पुढील मजकूर तयार झाला.

'चेअरमन श्री. रंगनाथराव देवरे यांनी फूत्कार टाकले. श्री. निवृत्तीराव शेलार भुंकले. श्री. सावळीराम आहेर रेकले. सौ. सावित्रीबाई गर्गे यांनी कलकलाट केला. इतर सभासदांनी कावकाव केली. श्रीमती लताबाई पगारे म्हणाल्या, "मला हे मान्य नाही. घर माझे आहे." पुन्हा कावकाव झाली. नंतर चहापान होऊन सभा संपली.'

मी दोनदा वाचून पाहिलं. चार वर्षांत मी लिहिलेलं पहिलं खरं इतिवृत्त होतं ते. त्याची नक्कल जिन्याखालच्या फळ्यावर लावली आणि मंडईत निघून गेलो. पळून गेलो असं काही लोक म्हणतात. घरात मेथी नव्हती.

परत आलो तर फळ्यासमोर जत्रा. निवृत्तीराव मला बघून म्हणाले, "सेक्रेटरी, मी भुंकतो? मी?" आणि हे ते अशा आवाजात म्हणाले की माझ्या लिहिण्याला पुरावाच मिळाला. सावित्रीबाई वरच्या जिन्यातून म्हणाल्या, "लग्नाआधी मी गाणं शिकत होते, माहितीये का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कलकलाटच लिहिला असता.  रंगनाथरावांनी फळ्यावरचा कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन निबंधकांच्या कचेरीत गेले. जाताना रिक्षा, येताना त्यांनी मला सोडून दिलं, म्हणून मी बसने आलो. हेही नोंदवून ठेवतो.

तिथे एक साहेब होते. त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि पुन्हा वाचला.

"मी रेकॉर्डवर फूत्कार टाकतो असं यांनी लिहिलंय," रंगनाथराव म्हणाले. "कारवाई करा."

"टाकले होते का तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"अहो, ते महत्त्वाचं नाही!"

"मग?" साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना जवळून ऐकलंत?"

"टेबलाच्या पलीकडून," मी छाती काढून म्हणालो.

साहेबांनी कागद परत दिला. "हे बघा देवरेसाहेब, कोणाला काय ऐकू यावं याचा आमच्याकडे नियम नाही. इतिवृत्त चुकीचं वाटत असेल तर ज्याची हरकत असेल त्याने लेखी अर्ज करायचा, पुढच्या सभेत दुरुस्ती मंजूर करायची, मग चेअरमनने 'वाचून कायम केले' म्हणून सही करायची. एकदा कायम झालं की मग मात्र ते ब्रह्मवाक्य. मलाही बदलता येत नाही."

रंगनाथरावांचा चेहरा उजळला. मला त्याच वेळी शंका यायला हवी होती की हा माणूस घरी जाऊन काय करील.

त्यांनी अर्ज केला. त्यांचं बघून सगळ्यांनी केले. आठवडाभर माझ्या दाराच्या फटीतून अर्ज येत होते. निवृत्तीरावांच्या अर्जाचा विषय होता, 'माझे नावापुढील भुंकणे बदलून मिळणेबाबत'. खाली म्हटलं होतं की अर्जदार कारखान्यात जबाबदारीच्या जागेवर असून त्यास सिंहाची गर्जना देण्यात यावी. सावित्रीबाईंना कोकिळेचं कूजन हवं होतं. कोणाला काय हवंय हे कळल्यावर शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. समोरच्या इमारतीतले एक मास्तर मुद्दाम येऊन सांगून गेले की मोराच्या ओरडण्याला केकारव म्हणतात आणि तो अजून कोणी मागितलेला नाही, तर त्यांचं नाव लावून ठेवा. ते सभेला आलेच नव्हते हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "त्याने काय फरक पडतो?"

सावळीराम शेठ मात्र स्वतः आले. कांद्याच्या पोत्यासारखा भारदस्त माणूस, बसल्यावर खुर्ची बोलली.

"सेक्रेटरीसायेब, तुम्ही मला रेकलो असं लिवलं. म्हशीवानी?"

"तसंच ऐकू आलं शेठ."

"आवं, मार्केटात आपली लय इज्जत हाय. व्यापारी हसत्यात ना. नाय म्हणलं तरी बैल तरी करा. डुरकलो म्हणा. बैलाचं काय वाईट नाय वाटत, घरचं जनावर हे."

"तुम्ही बोलत काय होता, ते सांगा. तेच लिहितो," मी म्हणालो.

शेठनी बराच विचार केला. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "आता ते काय ध्यानात नाय बा," ते म्हणाले. "समदे वरडत होते म्हून मी बी वरडलो."

सगळ्यांची तीच गत होती. मी प्रत्येकाला विचारलं. काय बोललो होतो हे एकालाही आठवेना, पण कुठल्या जनावरासारखं बोललो होतो याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम. आणि मी त्यांना सगळ्यांना हेच सांगितलं की बदल करायचा तर सभेत करा, माझ्या घरात मी एक अक्षर हलवणार नाही. सुला म्हणाली, "जरा नमतं घ्या, उद्या पाणी सोडणार नाहीत आपल्याला." मी म्हटलं, विहिरीवरून आणीन. आमच्याकडे विहीर नव्हती, पण त्या दिवसांत मी असाच बोलत होतो.

सभा भरली. इतकी हजेरी मी पुन्हा कधी पाहिली नाही. लताबाई ड्यूटी बदलून घेऊन आल्या होत्या आणि दाराजवळ बसल्या होत्या. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचलं. कावकाव या शब्दाला मागच्या रांगेत कुजबुज झाली, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

मग दुरुस्त्या. सावळीराम शेठचा बैल बिनविरोध मंजूर झाला. कोकिळेला थोडा विरोध झाला, पण बाईमाणूस म्हणून सोडून दिला. खरी अडचण आली ती सिंहाशी. निवृत्तीरावांनी तो मागितलेला होता आणि रंगनाथरावांच्या अर्जातही तोच होता. एका सभेत दोन सिंह असू शकतात का, यावर जी चर्चा झाली ती मी त्या पदावर असताना ऐकलेली सर्वांत शिस्तबद्ध चर्चा. एकेक जण हात वर करून बोलला. शेवटी तोडगा निघाला. निवृत्तीराव गर्जना करतील आणि चेअरमन डरकाळी फोडतील. 'इतर सभासदां'ची कावकाव काढून तिथे 'किलबिल' घातली.

एक गोष्ट मात्र कोणी मागितली नाही. लताबाईंच्या वाक्याला कोणी हात लावला नाही. माझ्या मते ते कोणी वाचलंच नव्हतं. ज्याने त्याने स्वतःच्या नावापुरतं वाचलं होतं.

रंगनाथरावांनी कागद पुढे ओढला, 'दुरुस्तीसह वाचून कायम केले' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. चेहऱ्यावर वाघाचं समाधान होतं. मग घसा साफ करून म्हणाले, "आता विषय दुसरा. मागच्या सभेतल्या ठरावाची अंमलबजावणी. श्रीमती पगारेंना नोटीस काढणे."

"कुठल्या ठरावाची?" मी विचारलं.

"प्राणी बंदीच्या."

"तसा ठराव नाही."

"नाही कसा? मी टेबलावर हात मारून मंजूर केला!"

मी वही त्यांच्यासमोर फिरवली. "मागच्या सभेत आपण डरकाळी फोडली. यांनी गर्जना केली. हे डुरकले, यांनी कूजन केलं, बाकीच्यांनी किलबिल केली. ठराव कोणी मांडला असं यात नाही. आत्ताच आपण सही केलीत. वाक्य बोललेलं एकच माणूस आहे आणि ते 'मला मान्य नाही' असं म्हणालं."

कोणी तरी खिडकीपाशी हसलं. रंगनाथरावांनी कागद दोनदा खालवर पाहिला.  मी बसलो नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आत्ता मांडू. आत्ता मंजूर करू. लिहा."

"लिहितो." मी पेनाचं टोपण काढलं. "सूचक कोण?"

"घाला कोणाचं तरी. नेहमी घालता तसं."

"नाही. जो मांडेल त्याचं घालीन. तो जे बोलेल ते त्याच्या शब्दांत घालीन. बोला."

लताबाई दाराजवळ उभ्या राहिल्या. एकेकाकडे बघत राहिल्या. त्या खोलीत असं एकही घर नव्हतं जिथे पोराला ताप आला म्हणून बाईंना जेवणावरून उठवून नेलं नव्हतं. निवृत्तीराव बुटाची नाडी बांधायला वाकले. सावित्रीबाईंना पदर सारखा करायचा होता. मी सावळीराम शेठकडे पाहिलं तर ते दोन्ही हात हलवून म्हणाले, "माझं नाव नका घालू बा. मी यात नाय."

"चेअरमनसाहेब, तुम्ही?"

रंगनाथरावांनी तोंड उघडलं. मी पेन टेकवलं. त्यांनी लताबाईंकडे पाहिलं, माझ्या पेनाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. अखेर म्हणाले, "चहा आणा."

मी लिहिलं, 'ठराव मांडण्यास कोणीही पुढे आले नाही.'

त्याचा सूड पुढच्या वार्षिक सभेत घेतला गेला. मला सेक्रेटरीपदावरून दूर करावं असा ठराव आला, आणि सांगायला हवं की या वेळी सगळे फार नीट बोलले. रंगनाथराव स्वतः सूचक झाले, निवृत्तीराव अनुमोदक. दोघांनी पूर्ण वाक्यं उच्चारली, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी, आणि मी ती अक्षरशः टिपून घेतली. मला वाईट वाटलं, पण हातातलं पेन मी खाली ठेवलं नाही, कारण सभा संपेपर्यंत सेक्रेटरी मीच होतो.

"सर्वानुमते?" रंगनाथरावांनी विचारलं.

"नाही," लताबाई म्हणाल्या. "मला मान्य नाही."

मी ते लिहिलं, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं.